हलका हात

माझ्या ताईचा हात हलका आहे, असं सगळी गिऱ्हाइकं म्हणतात. गेली एकतीस वर्षं आमच्या शिवणाच्या दुकानात ती मापं घेते, आणि मी इस्त्री करते, काजं करते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. कामाची ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची आहे. ताईची टेप छातीभोवती कधी फिरली आणि खांद्यावरून मनगटापर्यंत कधी गेली, हे माणसाला कळतसुद्धा नाही. आमचे एक जाडे वकील आहेत. त्यांच्या पोटाला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. पण ताईसमोर ते दोन्ही हात पसरून उभे राहतात आणि मग विचारतात, "झालं पण?" झालेलं असतं. आकडा वहीत गेलेला असतो आणि पोटाबद्दल ती चकार शब्द काढत नाही. माझ्याकडे ते काम असतं तर मी काढला असता.

अशा या बाईला स्वतःच्या मुलीला मात्र हात लावता येत नव्हता.

माझी भाची आता सव्वीस वर्षांची आहे. मी तिला जज्जसाहेब म्हणते, कारण ती खोटं बोलत नाही, खोटं ऐकून घेत नाही आणि निकाल एकदाच देते. लहानपणी मी "दोन मिनिटांत आले" म्हटलं की ती घड्याळासमोर उभी राहायची आणि तिसरं मिनिट लागलं की घर डोक्यावर घ्यायची. तिला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. ज्याने हा शब्द काढला त्याने चार दिवस आमच्याकडे येऊन राहावं. स्वतःत कसली मग्न? आम्हाला जे कळत नाही ते सगळं तिला कळतं. दुकानातली ट्यूबलाइट गुणगुणते हे मला तिने सांगितलं तेव्हा समजलं. एखाद्या बाईचं अत्तर तिच्यासाठी त्या बाईच्या आधी दारातून आत येतं आणि बाई गेल्यावरही तासभर खुर्चीवर बसून राहतं. कपड्याच्या आतली शिवण तिला टोचते, लेबल तर भाजतं. हे सगळं एकदम अंगावर आलं की ती कान दाबून धरते, डोलायला लागते आणि बोलणं बंद होतं. तेव्हा दिवा बंद करायचा, माणसं बाहेर काढायची आणि आपण गप्प बसायचं. गप्प बसणं मला फार जड गेलं, पण शिकले.

भावजींना ते जमलं नाही. "ही पोरगी मला ओळखतच नाही" असं म्हणत त्यांनी दुसऱ्या गावी नोकरी धरली. ती त्यांना चांगली ओळखत होती. जिन्यात पाऊल वाजलं की सांगायची, "बाबा आले. डाव्या बुटाची टाच सुटलीय." ते गेले ते गेलेच.

ताईने तिच्यापरीने मार्ग काढला. भाचीचं सुती कापड ती सात वेळा धुऊन मऊ करायची, शिवणी बाहेरच्या बाजूला घ्यायची, बटणं कापडाची करायची. रस्त्यातल्या बायका सांगायच्या, "अहो, मुलीने फ्रॉक उलटा घातलाय." मी म्हणायचे, "तुम्ही सुलटा घातलाय ना, मग झालं." पण या कपड्यांची मापं कधीच घेता यायची नाहीत. ताईचं बोट दंडाला लागलं की मुलगी चटका बसल्यासारखी मागे सरायची. मग ताई जुना फ्रॉक कापडावर पसरायची, खडूने रेघ मारायची आणि दोन बोटं जास्त धरायची. जिने अख्ख्या गावाला मापात बसवलं, ती स्वतःच्या लेकीचे कपडे अंदाजाने कापायची.

पहिली फिट आली तेव्हा भाची चौदा वर्षांची होती. शाळेच्या सभागृहात बक्षिसं द्यायची होती. लाउडस्पीकर मधेच किंचाळला, त्यावर चारशे पोरांच्या टाळ्या. तिने कान दाबले आणि ती बाहेर जायला उठली. "नाटकं पुरेत" म्हणून बाईंनी तिला खाली बसवलं. थोड्या वेळाने ती खुर्चीवरून खाली पडली, अंग कडक झालं आणि हातपाय झटके द्यायला लागले. शाळा आमच्या दुकानामागेच. ताई गळ्यातल्या टेपसकट धावली, मी तिच्यामागे. आम्ही पोहोचलो तेव्हा कुणी एक बाई पोरीच्या तोंडात चमचा घालायला बघत होती. मी तो चमचा कुठे फेकला कुणास ठाऊक.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. गोंगाटाने ती गोंधळते ते वेगळं आणि ही फिट वेगळी. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांना वयात येताना फिट्स सुरू होतात. नेमक्या कशाने, ते दरवेळी सांगता येत नाही, पण अपुरी झोप, ताण, आजारपण यांचं निमित्त होऊ शकतं. फिट आली की कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, धरून ठेवायचं नाही, आणि वेळ बघायची. पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ दवाखाना गाठायचा. वेळ बघायचं काम माझ्याकडे आलं. दोन मिनिटं किती मोठी असतात ते मला विचारा.

त्या पहिल्या दिवशी दवाखान्यातल्या खाटेवर पोर निपचित झोपली होती. फिटनंतर ती अशीच पाऊण तास झोपते, हाक मारली तरी उठत नाही. ताईने तिचा हात हातात घेतला. हात मागे गेला नाही. मग केसांवरून हात फिरवला. डोकं बाजूला झालं नाही. तान्ही होती तेव्हापासून या मुलीचे केस तिने कुरवाळले नव्हते. मी खिडकीकडे तोंड केलं. परत वळून बघितलं तर ताईने गळ्यातली टेप काढली होती आणि ती मापं घेत होती. खांदा, बाही, मनगट. "गणवेशाच्या बाह्या तोकड्या झाल्यात गं," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि तोंडाने आकडे.

मग ती रीतच पडून गेली. बारा वर्षांत एकोणीस फिट्स आल्या आणि एकोणीस वेळा ताईने मापं घेतली. डॉक्टरांनी एक डायरी ठेवायला सांगितली होती. फिटची तारीख, किती मिनिटं, आधी काय झालं होतं. ती मी लिहायचे. ताईच्या दुकानातल्या वहीत शेवटचं पान भाचीचं होतं. तिथेही तारखा होत्या, पुढे छाती, कंबर, बाही. गिऱ्हाइकाची मापं ती उभ्या उभ्या चार मिनिटांत उरकते. लेकीची घ्यायला तिला पाऊण तास पुरायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा आलेख पुन्हा काढायला सांगितला. त्यासाठी डोक्यावर वीस-बावीस तारा चिकटवतात आणि त्याआधी डोकं टेपने मोजतात. आमचा जीव टांगणीला, कारण ही बया तिथे काय गोंधळ घालेल याचा नेम नाही. तिथली आलेख काढणारी बाई चांगली दणकट होती. हात लावायच्या आधी ती म्हणाली, "आता टेप लावते. घट्ट लागेल. तीन मोजेपर्यंत." आणि जज्जसाहेब शांत बसल्या! त्या बाईने कपाळापासून मानेपर्यंत मोजलं, कानापासून कानापर्यंत मोजलं, खसाखसा घासून जागा साफ केल्या, आणि आमची पोर पुतळ्यासारखी.  घरी आलो तेव्हा पायरीवर ताई म्हणाली, "परक्या बाईचा हात चालतो तिला." मी म्हटलं, "तिचं ते रोजचं कामच आहे." "आणि माझं काय काम आहे गं?" ती म्हणाली. मी कुलूप उघडलं.

नवं औषध लागू पडलं. एक महिना गेला, तीन गेले, सहा गेले, फिट नाही. एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत भाचीला काम मिळालं. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. तिथे कुणी बोलत नाही आणि सगळ्याला नंबर असतात. तिच्यासाठी तो स्वर्गच. वर्ष झालं, सव्वा वर्ष झालं. मला वाटायचं, ताईने आता पाय पसरून झोपावं. पण ती वाळत चालली होती. लेकीच्या पाठीमागून जाताना हात उचलायची आणि अर्ध्यावरून परत घ्यायची.

औषधाने भाचीचं अंग भरलं होतं. एका सकाळी ती दुकानात आली आणि तिने निकाल सांगितला. "सगळे कपडे काखेत काचतात. वाचनालयातली खोली गार असते. मला कोट हवा. अस्तराचा. शिवणी कुठेच लागायला नकोत."

"शिवते की," ताई म्हणाली.

भाची कामावर गेली. ताईने शेवटचं पान उघडलं. शेवटची तारीख पंधरा महिन्यांपूर्वीची. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत बसली. मी म्हटलं, "जुना शर्ट पसर आणि काप, नेहमीसारखा." ती म्हणाली, "कोट अंदाजाने होत नाही." मग टाचण्यांच्या डबीकडे बघत, मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "एक फिट यावी असं वाटतं गं मला. एकच. लहानशी."

माझ्या हातात गरम इस्त्री होती. ती मी अशी आपटली की टेबलावरचं ब्लँकेट करपलं. "वेड लागलंय का तुला? पाच मिनिटांच्या वर गेली म्हणजे? एवढ्यासाठी बारा वर्षं मी घड्याळ धरून बसले?" आणखीही बरंच बोलले.  ताई टाचण्या एक एक करून सरळ लावत राहिली. शेवटी म्हणाली, "मला माहीत आहे मी काय बोलले ते. तुला नाही तर कुणाला सांगू?" तेव्हा मी जीभ चावली. सव्वा वर्ष ही बाई आपल्या लेकीच्या बरं होण्यावर रडत होती आणि त्याची लाज वाटून परत रडत होती, आणि मी आपली काजं करत बसले होते.

पुढच्या आठवड्यात कोटाचं कापड धुऊन धुऊन मऊ झालं, पण कात्री काही लागेना. भाची रोज विचारायची, ताई रोज काहीतरी सांगायची. जज्जसाहेबांना सबबी चालत नाहीत. रविवारी दुपारी आम्ही तिघी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. ती आतून दोन वह्या घेऊन आली. माझी डायरी आणि ताईची मापांची वही. दोन्ही शेजारी उघडून ठेवल्या, जशी ती पुस्तकं ठेवते, कडेला कड लावून.

"तारखा सारख्या आहेत," ती म्हणाली. "एकोणीसच्या एकोणीस. तू माझी मापं फिट आल्यावर घेतेस."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला त्रास होऊ नये म्हणून, बाळा. जागी असताना तुला चालत नाही ना."

"झोपलेल्या माणसाचं माप बरोबर येत नाही. खांदे वर सरकलेले असतात."

"मी अर्धा इंच सोडायचे त्याचा."

"तू केसांवरून हातपण फिरवतेस. उठल्यावर केस एका बाजूला बसलेले असतात." तिच्या आवाजात राग नव्हता. पुस्तक चुकीच्या कप्प्यात सापडलं की ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात म्हणाली, "तेव्हा मी तिथे नसते, आई. तू करतेस ते मला काहीच मिळत नाही."

मी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. ताई म्हणाली, "मी कितीदा विचारलं तुला. हात लावू का म्हणून. तू दरवेळी नाही म्हणालीस."

"हात लावू का, असं विचारलंस. कसा लावू, असं नाही विचारलंस."

मग तिने सांगितलं. इतकं सलग बोलताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं. हलका हात लागला की अंगावर मुंग्या चालल्यासारखं होतं. हात काढला तरी त्या चालतच राहतात, कधी कधी संध्याकाळपर्यंत. जोरात दाबलं तर मुंग्या येत नाहीत. त्या दवाखान्यातल्या बाईने जोरात दाबलं आणि आधी सांगून दाबलं. "तू फुंकर घातल्यासारखा हात लावतेस," ती म्हणाली. "मला ते सहन होत नाही."

ताईने स्वतःचे दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं. ज्या हातांचं सगळ्यांनी कौतुक केलं तेच हात. लेक आक्रसली की ती हात आणखी हलका करायची, आणखी जपून, आणखी हळू. सव्वीस वर्षं ती चुकीच्या बाजूने चालत होती, आणि मी तिच्या शेजारून चालत होते. मला तिच्याकडे बघवेना.

अटी ठरल्या. जज्जसाहेबांनी त्या कागदावर लिहून दिल्या. आधी सांगायचं. किती मोजेपर्यंत तेही सांगायचं. टेपचं पत्र्याचं टोक गार असतं, ते मुठीत धरून गरम करायचं. घट्ट धरायचं, आणि आकडे संपले की लगेच सोडायचं. कुरवाळायचं नाही. आणि एका दिवशी एकच माप. कोटाला दहा मापं लागतात, म्हणजे दहा दिवस. "राणीसाहेबांचा कोट दिसतोय," मी म्हटलं. दोघींपैकी कुणीही हसलं नाही.

पहिल्या दिवशी मनगट. ताईने टोक मुठीत धरलं, म्हणाली, "आता लावते. तीन मोजेपर्यंत," आणि टेप गुंडाळली. भाची लगेच आक्रसली. "हलकं झालं. उद्या." ताई जागच्या जागी उभी राहिली. त्या दिवशी तिने माझं मनगट वीस वेळा धरून सराव केला. माझ्या हातावर लाल वळ उठले. मी हूं की चूं केलं नाही, आणि माझ्या बाबतीत हे फार आहे. दुसऱ्या दिवशी तिने मनगट असं धरलं, जसं जिन्यावरून पडणाऱ्या माणसाचं धरतात. एक. दोन. तीन. हात मागे गेला नाही. ताईने सोडलं आणि आकडा लिहिला. मग भाचीने तिच्या हातातून पेन घेतलं आणि आकड्यापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "जागी होते."

रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी एक माप. दंड, खांदा, बाही, गळा. ताई दुपारपासून घड्याळ बघायला लागायची. गिऱ्हाइकांच्या मापात तिचा हात जड व्हायला लागला. वकीलसाहेब चक्क म्हणाले, "बाई, आज जरा जोरात." मी म्हटलं, "पोट वाढलंय तुमचं." दहा दिवसांचे आठ राहिले, पाच राहिले, दोन राहिले, आणि ताई घड्याळाकडे बघेनाशी झाली. मला कळत होतं. दहावं माप झालं की कोट शिवून होणार, आणि कोट चांगला तीन-चार वर्षं टिकतो. ताईचं शिवण टिकतंच.

दहावं माप पूर्ण उंचीचं. मानेपासून गुडघ्याखालपर्यंत. ताईने मान दाबून धरली, तीन मोजले, सोडलं. आकडा लिहिला. भाचीने पुढे तिचे दोन शब्द लिहिले. ताईने वही मिटली आणि टेप गुंडाळायला घेतली. ती नेहमी चटकन गुंडाळते. त्या दिवशी तिला वेळ लागला.

भाची उठली नाही. स्टुलावर बसून राहिली. "अजून एक राहिलं," ती म्हणाली.

"नाही बाळा. दहाच लागतात कोटाला."

"डोक्याचा घेर."

ताई माझ्याकडे बघायला लागली. "कोटाला टोपी नाहीये."

"माहीत आहे," भाची म्हणाली.

या मुलीने आजवर गरज नसलेली एक गोष्ट कधी मागितलेली मी बघितली नव्हती. मी इस्त्रीचं बटण बंद केलं, तिचा फुसफुस आवाज नको म्हणून. ट्यूबलाइटही बंद केली. दारातून पुरेसा उजेड येत होता.

ताईने टेपचं टोक मुठीत धरलं. खूप वेळ धरलं. मग म्हणाली, "आता लावते. तीन मोजेपर्यंत."

"दहा," भाची म्हणाली. "आणि जोरात."

ताईने टेप कपाळावरून कानांच्या वर, मागे नेली आणि दोन्ही तळव्यांनी ते डोकं घट्ट दाबून धरलं. ती मोजायला लागली. सहापर्यंत तिचा आवाज नीट होता. सातवा आकडा आलाच नाही. मग पुढचे भाचीने मोजले, डोळे मिटून, सावकाश. सात. आठ. नऊ. दहा.

वहीच्या शेवटच्या पानावर ते माप आहे. साडेएकवीस इंच. ताईचं अक्षर तिथे जरा वाकडं आलंय. पुढे भाचीने लिहिलंय, "जागी होते."